मुलं, मित्रमंडळी आणि उन्हाळ्यातला निवांत दिवस: कसा जमवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चार कुटुंबं, दीड वर्षापासून अकरा वर्षांपर्यंतची मुलं, झाडं आणि थोडं पाणी असलेली मोकळी जागा, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा एक दिवस. गेल्या वेळी खेळ, बक्षिसं, जेवण असं सगळं आखून नेलं होतं, तरी दुपारपर्यंत मुलं रडकुंडीला आली, मोठी माणसं एकमेकांवर चिडली आणि गप्पा राहूनच गेल्या. या वेळी काय वेगळं करावं, असं तुम्ही विचारलंय. मित्रांपैकी एका जोडप्याला मूल नाही, त्यांना बोलवावं की नाही, हाही प्रश्न आहे. त्याचं उत्तर शेवटी देतो.

मी बरीच वर्षं मुलांची निसर्गशिबिरं आणि कुटुंबांच्या सहली घेतो. तुम्ही दिलेल्या आखणीत तासातासाला एकेक खेळ आहे, आणि ‘मुलांवर लक्ष’ या कामापुढे ‘सगळे’ असं लिहिलंय. माझ्या मते दिवस बिघडला तो इथे. लक्ष सगळ्यांनी ठेवायचं ठरलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि प्रत्यक्षात कुणीच बघत नसतं. काळजी करणारी माणसं असतील तर उलटं होतं: प्रत्येकाचं अर्धं लक्ष सतत मुलांकडे, त्यामुळे एकही गोष्ट धड बोलून होत नाही आणि दिवसभर माना वळवून सगळे थकतात. निवांतपणा हवा असेल तर एका वेळी लक्ष एकानेच ठेवायचं, आणि तो कोण आहे हे बाकीच्यांना न विचारता दिसायला हवं.

त्यासाठी पाळ्या लावा. एक पाळी २० ते ३० मिनिटांची, त्याहून लांब नको. एकाग्रता त्यापुढे टिकत नाही. पाळीवर असलेल्याच्या डोक्यावर भडक रंगाची टोपी किंवा गळ्यात शिट्टी असू द्या. ती वस्तू हातात देतानाच पाळी बदलायची आणि देताना तोंडाने बोलायचं: “आता तू. दोघी झाडामागे आहेत, धाकटा आजीजवळ झोपलाय, बाकीचे चौघं मातीत.” एवढं एक वाक्य. नुसत्या खुणेवर किंवा “जरा बघ हं” एवढ्यावर पाळी बदलत नाही. पाळीवरच्या माणसाने फोन दुसऱ्याकडे द्यायचा, जेवायचं नाही, कुणाशी वाद घालायचा नाही, आणि दर काही मिनिटांनी मुलं मोजायची. बाकीच्यांनी या वेळात मुलांकडे बघायचंच नाही असं मी मुद्दाम सांगतो. पहिल्या पाळीला जड जातं, दुसरीपासून खांदे सैल पडलेले दिसतात. आणि पाळ्यांमध्ये बाबालोकांची नावं आयांइतक्याच वेळा आली पाहिजेत. बहुतेक सहलींत दिवस निवांत जातो तो निम्म्याच माणसांचा, हे मला वर्षानुवर्षं दिसत आलंय आणि ते मला मान्य नाही.

पाण्यासाठी मात्र वेगळा माणूस लागतो. ओढा असो, तळं असो, नाहीतर फुगवून केलेला छोटा हौद, मुलं पाण्यात किंवा पाण्याशेजारी असतील तोवर एकाने फक्त तिथेच असायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले, आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. बुडणारं मूल ओरडेल, हात हलवेल, पाणी उडवेल असं आपण धरून चालतो. तसं सहसा होत नाही. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने समुद्रकिनाऱ्यावरच्या खऱ्या घटनांचं चित्रण करून १९७० च्या दशकात हे दाखवून दिलं: बुडणारा माणूस श्वास घेण्याच्या धडपडीत असतो, त्यामुळे हाक मारायला श्वासच उरत नाही. हात आपोआप दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत राहतात, शरीर उभं राहतं, आणि ही धडपड २० ते ६० सेकंदांत संपते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोर शांतपणे उभं आहे. म्हणून पोहता न येणाऱ्या लहान मुलाच्या बाबतीत ‘लक्ष’ म्हणजे हात लांब केला की ते हाताला लागेल एवढं अंतर. दंडाला बांधायचे हवेचे फुगे आणि पोहायच्या चाकांवर भरवसा ठेवू नका. ती खेळणी आहेत, निसटतात आणि उलटतात. तुमच्या दीड वर्षाच्या बाळासाठी तर बादलीच्या तळाला उरलेलं पाणीही धोक्याचं, तेव्हा वापर झाला की बादली ओतून पालथी घाला.

लक्ष ठेवण्याचं हे एकदा मार्गी लागलं की बाकीचं सोपं आहे.

जागा निवडताना बहुतेक जण सकाळी पोहोचल्यावर जिथे सावली दिसेल तिथे सतरंजी टाकतात. ती सावली झाडाच्या पश्चिमेला असते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दुपार झाली की सतरंजी उन्हात, आणि मग सगळं सामान, झोपलेलं बाळ, अर्धवट जेवण उचलून हलवायचं. त्यापेक्षा पोहोचल्यावर झाडाची पूर्व बाजू बघा. सकाळी तिथे थोडं ऊन असेल, पण दिवसाचा कठीण भाग तिथे सावलीत जाईल. शक्य असेल तर एकटं झाड न घेता तीन-चार झाडांचा गुंता शोधा. झाडाची सावली कापडाच्या सावलीपेक्षा गार वाटते त्यालाही कारण आहे: पानांतून पाण्याची वाफ होत असते, म्हणून पानं फारशी तापत नाहीत. प्लास्टिकचं कापड तापतं आणि खाली बसलेल्यांवर उष्णता फेकतं. कापडच बांधायचं असेल तर उंच बांधा आणि चारही बाजू मोकळ्या ठेवा. बाळाच्या ढकलगाडीवर ऊन लागू नये म्हणून चादर टाकतात, ती टाकू नका. आतली हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा जास्त तापते.

वेळेच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. अतिनील किरण सर्वांत तीव्र असतात ते सूर्य डोक्यावर असताना, आणि हवा सर्वांत तापते ती त्यानंतर दोन-तीन तासांनी. म्हणजे भर दुपारपासून चार वाजेपर्यंतचा सगळा वेळ एका ना दुसऱ्या कारणाने सावलीतच काढायचा आहे. धावाधाव सकाळी आणि ऊन उतरल्यावर. मुलांना घड्याळ सांगण्यापेक्षा सावलीचा नियम शिकवा: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की झाडाखाली यायचं. त्या वेळी सूर्य ४५ अंशांच्या वर असतो. पाच वर्षांची मुलंही हे झटकन शिकतात आणि मोठ्यांना सांगत सुटतात. हवामानाच्या अ‍ॅपवर यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, दिसत असेल तर ३ पासून पुढे टोपी, अंगभर कपडे आणि सनस्क्रीन हवं, आणि ८ च्या वर गेला तर दुपारचं ऊन टाळायचंच. ढग आलेत म्हणून गाफील राहू नका. पातळ ढगांमधून बरेचसे अतिनील किरण खाली येतात. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असावं, उन्हात जाण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावावं, आणि दर दोन तासांनी व पाण्यातून आल्यावर पुन्हा लावावं. मानेची मागची बाजू, कान आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहतो.

घसरगुंडी, झोके, धातूचे बाक, रबराची जमीन हे सगळं हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर मुलाच्या मांडीला ते नक्कीच भाजेल.

पाणी प्यायचं ते तहानेची वाट न बघता. खेळात रमलेल्या मुलाला तहान जाणवते फार उशिरा. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना धावपळ चालू असताना साधारण दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर पाणी पुरेसं असतं. लहानांना थोडं कमी, पण वारंवार. पाळी बदलताना पाळी देणाऱ्याने सगळ्यांना पाणी पाजूनच जायचं, असा नियम केला की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ बरोबर असेल तर त्याला वरचं पाणी नको, दूधच जास्त वेळा द्यावं, आणि थेट उन्हात अजिबात नेऊ नये. हवा दमट असेल तर ऊन कमी वाटूनही सावध राहा. घाम नुसता येऊन अंग गार होत नाही, त्याची वाफ व्हावी लागते, आणि दमट हवेत ती होत नाही.

एखादं मूल अचानक गप्प झालं, चिडचिडं झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळलं, तर खेळ थांबवून सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंग ओलं करा, वारा घाला आणि घोट घोट पाणी द्या. बहुतेक वेळा अर्ध्या तासात बरं वाटतं. पण मूल असंबद्ध बोलू लागलं, झोक जाऊ लागला, शुद्ध हरपू लागली किंवा फिट आली तर तो उष्माघात असू शकतो. त्यात शरीराचं आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. लगेच रुग्णवाहिका बोलवा, आणि ती येईपर्यंत थांबू नका: मिळेल तेवढं पाणी अंगावर ओता, वारा घालत राहा, मानेवर, काखेत, जांघेत बर्फ किंवा गार ओली फडकी ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. आणि उभ्या गाडीत मुलाला एक मिनिटही एकटं ठेवू नका, झोपलं असेल तरीही. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढू शकतं, आणि काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

आता माझ्या आवडीचा भाग, खेळ. तुमच्या आखणीतले सगळे खेळ काढून टाका असं मी म्हणेन. फार तर संध्याकाळचा एक ठेवा, ज्यात मोठेही धावतील. मुलांना खेळायला कार्यक्रम लागत नाही, सामान लागतं, आणि तेही असं की ज्याचं काय करायचं हे आधी ठरलेलं नाही. दोर, जुन्या चादरी, रिकामे डबे, पुठ्ठ्याची खोकी, काठ्या, दगड, पाण्याची बादली, एखादं फावडं. १९४३ मध्ये डेन्मार्कमधल्या एमड्रुप इथे सी. टी. सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून एक मैदान उभं राहिलं. तिथे घसरगुंड्या नव्हत्या, होत्या फक्त फळ्या, विटा, भंगार आणि अवजारं. रचून दिलेल्या मैदानांपेक्षा मुलं मोडक्यातोडक्या सामानात जास्त रमतात, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे १९७१ मध्ये सायमन निकोल्सन यांनी हाच विचार ‘सुटे भाग’ या नावाने मांडला: जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा वस्तू जितक्या जास्त, तितकी तिथे कल्पकतेला जागा जास्त.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो. एका शिबिरात नळाजवळ पाणी झिरपत होतं आणि मातीतून बोटभर रुंदीची धार उताराने जात होती. मुलं पहिला अर्धा तास “कंटाळा आला, काय करू?” म्हणत मोठ्यांभोवती घुटमळली. आम्ही काहीच सुचवलं नाही. मग एका मुलीने धारेत दगड ठेवला. पाणी वळून बाजूने गेलं. तिने दुसरा ठेवला. थोड्या वेळाने मोठी मुलं दगडांच्या फटीत गवत कोंबून वर चिखल लिंपत होती, आणि सर्वांत धाकटा, चार वर्षांचा, डब्यातून चिखल पोचवत होता. डबा अर्धा सांडायचा, पण त्याला कुणी हटकलं नाही, कारण चिखल हवाच होता. धरण दोनदा फुटलं. कुणी फोडलं यावर जोरात भांडण झालं. जवळ उभे असलेले एक बाबा मिटवायला पुढे सरकले, त्यांना आम्ही थांबवलं. मुलांनीच ठरवलं की पाणी भरलं की खालून एक वाट काढून द्यायची. जेवायला बोलवावं लागलं तेव्हा सगळ्यांची ढोपरं चिखलाने माखली होती आणि कुणालाही यायचं नव्हतं.

तो पहिला अर्धा तास फार मोलाचा आहे. “कंटाळा आला” ऐकलं की आपण लगेच काहीतरी काढून देतो, आणि मुलांचा स्वतःचा खेळ सुरू व्हायच्या आत संपतो. तुमच्याकडे दीड ते अकरा असं वयाचं अंतर आहे, ती अडचण समजू नका. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र खेळतात तेव्हा मोठी शिकवतात, धाकटी नक्कल करून शिकतात, आणि स्पर्धा आपोआप मवाळ होते. बक्षिसं ठेवलीत की हे सगळं बिघडतं. गेल्या वेळची रडारड बहुधा तिथूनच सुरू झाली असणार.

झाडावर चढणं, दगडांवरून उड्या मारणं याला सरसकट मनाई करू नका. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी उंची, वेग, धोकादायक अवजारं, दंगामस्ती अशा थरारक खेळांचा अभ्यास केला आहे, आणि अशा खेळांतून मुलं आपली भीती आणि आपला आवाका दोन्ही ओळखायला शिकतात असं त्या मांडतात. मला शिबिरांत तेच दिसतं. माझा नियम एकच आहे: मुलाला उचलून फांदीवर बसवायचं नाही. जे आपल्या हातापायांनी चढतं ते बहुधा आपलं उतरतंही. नुसतं “सांभाळून!” ओरडल्याने मूल दचकतं, आणि त्याला करायचं काय ते कळतही नाही. त्याऐवजी “ती फांदी सुकलेली दिसते, हलवून बघ” किंवा “उतरताना पाय कुठे ठेवशील?” असं विचारा. खाली काच, तारा, टोकदार दगड नाहीत ना, हे पाळीवरच्याने पोहोचल्याबरोबर एक फेरी मारून बघितलेलं असावं.

दिवसभर सावलीतच बसायचं तर बाहेर जाऊन फायदा काय, असं काही पालक विचारतात. फायदा आहे, आणि एक तर डोळ्यांचा आहे. लक्स हे उजेड मोजायचं एकक. घरात साधारण काहीशे लक्स प्रकाश असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही त्याच्या कित्येक पट. चीनमधल्या ग्वांगझो इथल्या शाळांमध्ये मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवून तीन वर्षं निरीक्षण केलं, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेर राहिलेल्या गटात ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी (लांबचं अंधुक दिसणं) आली, दुसऱ्या गटात ३९.५ टक्के मुलांना.

जेवण साधं ठेवा. कुणालाही तासन्‌तास चुलीशी उभं राहावं लागेल असं काही नको. नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. आदल्या रात्री पाण्याच्या बाटल्या गोठवून डब्यांमध्ये ठेवल्या की अन्न गार राहतं आणि दुपारी प्यायला थंड पाणीही मिळतं. लहान मुलांना बसवूनच खायला द्या. अख्खी द्राक्षं आणि शेंगदाण्यासारखे कडक दाणे चार-पाच वर्षांखालच्यांना नकोत, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून द्या.

गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, झाडाखाली थांबायचं नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास गेला की मगच बाहेर पडायचं.

निघायची वेळ मुलं थकायच्या आधीची ठेवा. एकदा मुलं अतिथकली की सामान आवरण्यातच दिवसाचा सगळा आनंद निघून जातो. निघण्याआधी अर्धा तास सांगा, दहा मिनिटं आधी पुन्हा सांगा, आणि धरण मोडायचं की ठेवायचं हे मुलांवर सोडा. घरी गेल्यावर अंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यामागची बाजू आणि केसांची मुळं बघा, गोचीड चिकटलेली असू शकते. दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा.

आता त्या जोडप्याबद्दल. जरूर बोलवा, पण आधी त्यांना विचारा आणि तुमच्या दिवसात त्यांच्या वाट्याला काय येईल ते मोकळेपणाने सांगा. पाळ्यांच्या यादीत त्यांचं नाव त्यांनी आपणहून म्हटल्याशिवाय घालू नका. कौतुकाने मूल त्यांच्या मांडीवर आणून ठेवू नका. आणि मूल नसण्याबद्दल कुणीही, अगदी प्रेमानेसुद्धा, विषय काढणार नाही हे बाकीच्या तिन्ही घरांशी आधीच बोलून घ्या. पाळीवर नसलेल्या मोठ्या माणसांना मुलांखेरीज दुसरं बोलायला वेळ मिळाला, तर तेही रमतील. मुलांना हवे असतील तर मुलंच त्यांना हाताला धरून धरणाकडे घेऊन जातील. त्यांना यायचं नसेल, तर भेट एखाद्या संध्याकाळी वेगळी ठरवा आणि नकाराचं कारण विचारू नका.